सरदारणीची लाइट ड्यूटी

मला सवत नव्हती, जाऊ नव्हती, आणि एकुलती एक नणंद माझ्या लग्नाआधीच नांदायला गेली होती. म्हणजे हेवा करायला घरात कुणी नव्हतंच म्हणायचं. तरी मी हेवा केला, आणि असा केला की आज इतक्या वर्षांनी सांगतानाही पोटात जळतं. जिचा केला ती गोठ्यात होती. तांबूस रंगाची, लोंबत्या कानांची, पंजाबकडची दुभती गाय. माझे सासरे फौजेतून सुटले तेव्हा तिला रेल्वेच्या डब्यातून सोबत घेऊन आले. पंजाबातून आली म्हणून तिचं नाव सरदारीण. ‘घरच्या माणसांसाठी काय आणलं?’ असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा गाईच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, “ही काय, आणलीया की.”

सासऱ्यांना आमच्याकडे मामंजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. पलूसच्या बाजूच्या आमच्या गावात फौजी माणसाचं नवल नाही. घरटी एकजण तरी पलटणीत असायचाच. पण बाकीच्यांनी बंदुका उचललेल्या. मामंजींची सगळी नोकरी फौजेच्या डेअरीत गेली, साहेबांच्या चहाच्या आणि इस्पितळातल्या शिपायांच्या दुधाची तजवीज करण्यात. पारावरची माणसं त्यांना चिडवायची, “हवालदार, तुमी शेणाचेच गोळे झेललं की हो!” मामंजींना राग येत नसे. ते शांतपणे म्हणत, “बंदूक कुणीबी चालवंल गड्या. व्यालेली गाय पुन्हा गाभण करून दाव.”

उभा उन्हाळा असो, अंगात खाकी कोट, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या आणि डोक्यावर फौजेची टोपी. सकाळी उठले की आधी गोठ्यात हजेरी. बैलांची नावं घ्यायची, म्हशीचं घ्यायचं आणि शेवटी जरा आवाज चढवून, “सरदारीण!” तिनं कान हलवला की स्वतःच म्हणायचं, “हाजिर.” नाही हलवला तर त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. मग तिचे डोळे बघ, नाक ओलं आहे का बघ, शेण काठीनं पसरून बघ. मला एकदा चांगला हिवताप भरला होता, दोन वाकळा घेऊन कुडकुडत पडले होते, तर त्यांना संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. हे मी विसरलेले नाही.

त्यात त्या काळची रीत. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. इतर घरांत सासरे सुनेला सांगायचं ते सासूमार्फत सांगत. आमचे मामंजी गाईमार्फत सांगत. गोठा स्वयंपाकघराला लागूनच होता, मधे एक बुटकी भिंत. पलीकडून आवाज यायचा, “सरदारीण, घरात कुणी हाय का बघ गं. चा मिळंल का इचार.” मी चूल फुंकायची आणि चहाचा पेला भिंतीवर ठेवायची. “सरदारीण, आज कालवणात मीठ जरा जास्तीच झालं व्हतं, न्हाई?” मी खाली मान घालून ऐकायची. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, पोरी म्हटलं नाही, नुसतं ‘अगं’ देखील नाही. कौतुकाचे, रागाचे, काळजीचे सगळे शब्द त्या गाईच्या कानात पडत, आणि तिथून उडालेले शिंतोडे काय ते माझे.

सरदारणीचं मागचं वेत, म्हणजे बाळंतपण झालं, ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढची कळायची नाही. त्या खेपेला ती व्याली आणि महिनाभरात मामंजींना पेन्शनीच्या कामासाठी साताऱ्याला जावं लागलं. आमच्या गावात देवाला सोडलेला एक पोळ होता. हा वळू कुणाच्या मालकीचा नाही, कुणाच्याही रानात शिरावं, कुणी हटकायचं नाही. तो आपल्या पायानं दारात आला तर त्याला माघारी घालवणं म्हणजे देवाला घालवणं, असं मानत. मामंजी नसताना तो नेमका आमच्या दारात येऊन उभा राहिला. सासूबाईंनी त्याच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि गोठ्याचं दार उघडलं. त्यांना वाटलं, लक्ष्मी चालून आली. सरदारीण व्यालेली, अंग अजून भरलेलं नाही, दुधानं ओढलेली. व्हायचं तेच झालं. गर्भ धरलाच नाही. पुढं वरचेवर माजावर यायची, वळू दाखवायचा आणि पुन्हा उलटायची, गर्भ काही राहायचा नाही. आतून काहीतरी बिघडलं होतं. वर्ष गेलं, दूध आटलं, गाय भाकड उभी.

मामंजी साताऱ्याहून आले आणि त्यांना कळलं, तेव्हा ते सासूबाईंशी आठवडाभर बोलले नाहीत. गाईशी मात्र बोलले. “सरदारीण, मी ड्यूटीवर न्हवतो गं,” असं पुनःपुन्हा म्हणत होते. पुष्कळ खटाटोपानंतर ती कशीबशी गाभण राहिली. तेव्हा सासूबाईंनी बजावलं, “ह्या खेपेला जर पुन्हा भाकड राह्यली, तर सरळ बाजार दावायचा. मला घरात दूध पायजे, तुमचं कवतिक नगं.” मामंजींनी मान हलवली. त्या दिवसापासून सरदारणीचं पुढचं बाळंतपण ही त्यांची लढाई झाली.

दिवस भरले, सरदारीण व्याली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मीही बाळंत झाले.

मुलगी झाली. फार रक्त गेलं. सुईण म्हणाली, पोर वाचली आणि आई वाचली, देवाला नारळ फोडा. मी माजघरात बाजेवर, सरदारीण भिंतीपलीकडे पेंढ्यावर. दोघी सारख्याच निपचित. फरक एवढाच, की माझ्याजवळ सुईण सकाळ-संध्याकाळ यायची आणि तिच्याजवळून मामंजी हलायचे नाहीत.

गाईची वार पडायला वेळ लागला. गावचा रिवाज असा, की लोंबत्या वारेला दगड नाहीतर जुनी चप्पल बांधायची, म्हणजे ओझ्यानं ती लवकर पडते. शेजारचा एक शहाणा चप्पल घेऊन आला. मामंजींनी त्याच्याच चपलेनं त्याला अंगणाबाहेर घालवला. “हात लावायचा न्हाई. वडून काढली की आत जखम व्हती, जखमेत घाण व्हती आणि मग बसा वळू दावत जलमभर!” कोमट पाणी, गूळ, बाजरीची कांजी, शेपा, अळीव. पाठीवर गोणपाटाची झूल. घरात त्या वर्षी डिंक आणि खोबरं एकदाच आलं, तिकडे दुसरी मोठी लढाई पेटली होती आणि बाजारात काही म्हणून मिळत नव्हतं. त्यातलं अर्धं गाईच्या टोपल्यात गेलं. सासूबाई मला डिंकाचा लाडू द्यायच्या तेव्हा म्हणायच्या, “पुरवून खा गं, गोठ्यात दुसरी बाळंतीण हाय.” त्यांनी ते चेष्टेनं म्हटलं असेल. मला रडू यायचं.

वासराला त्यांनी पहिल्या दिवसापासून वेगळं बांधलं. चीक बादलीत काढायचा, आपली बोटं त्यात बुडवून वासराच्या तोंडात द्यायची, मग ते चोखत चोखत बादलीत तोंड घालायला शिकतं. गावातल्या बायका कमरेवर हात ठेवून बघायला आल्या. “आईपासनं लेकरू तोडलं बाई! पाप लागंल.” मामंजी म्हणाले, “दिवसभर वासरू कासंला लागलं की गाय माजावर यायची इसरती. वासरू उपाशी न्हाई, बघा की पोट.” वासराचं पोट खरंच टम्म होतं. बायका तरी हळहळत गेल्या आणि जाताना मला बघायलाही डोकावल्या नाहीत.

रोज सकाळी ऊन तापायच्या आत सरदारणीला ओढ्यापर्यंत फिरवून आणायची. लगबग नाही, ओढाताण नाही. कुणी रस्त्यात विचारलं तर उत्तर ठरलेलं, “लाइट ड्यूटीवर हाय.” फौजेत आजाऱ्याला डॉक्टर हलकं काम लिहून देतो, तो हा शब्द. गाय लाइट ड्यूटीवर असताना मी सव्वा महिना पुरा व्हायच्या आत जात्यावर बसत होते. भिंतीपलीकडून मामंजींना जात्याचा आवाज जात असणार. मला त्यांचा आवाज येत होता. “सरदारीण, दमू नगंस. व्यायल्यावर गाय आपल्या हाडातनं काढून दूध देती. ते हाडात माघारी भरल्याबिगर दुसरं वासरू कशाला धरशील?” मी जातं ओढत होते, पोर मांडीवर पीत होती आणि मला वाटत होतं, हेच शब्द कुणीतरी या बाजूला तोंड करून म्हणावेत. एकदाच म्हणावेत.

त्यांची एक परीक्षा होती, ती सगळ्या गावाला पाठ झाली होती. दर रविवारी सरदारणीला अंगणात उभी करायची आणि तिच्या कमरेच्या वर आलेल्या हाडावर आपली टोपी टांगायची. टोपी खुंटीला टांगल्यासारखी राहिली, तर गाय अजून खंगलेली आहे. हाडाभोवती मांस भरलं की टोपी घसरते, आणि मग वळूचं नाव काढायचं. पहिल्या रविवारी टोपी अशी बसली की जणू तिच्यासाठीच शिवली होती. मामंजी टोपीकडे बघत राहिले. पोरंटोरं हसली. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझा हात आपोआप माझ्या कमरेकडे गेला. लुगड्याच्या निऱ्या थांबत नव्हत्या इतकी मी वाळले होते. माझ्या हाडावर कुठली टोपी टांगून बघणार कोण? तेव्हा मला त्या गाईचा जो राग आला, तो मी शेणकूट थापताना काढला. त्या दिवसाच्या गोवऱ्या भिंतीवरून कधीच नीट निघाल्या नाहीत.

एका पहाटे ती हंबरायला लागली. शेपटीखाली काचेसारखी स्वच्छ तार. सासूबाई आनंदल्या, “माजावर आली! दाखवा आता.” मामंजींनी टोपी टांगली. टोपी राहिली. “न्हाई,” म्हणाले. “ही पहिली खेप सोडायची. अंग तयार झालंय का, ते सांगाया आलीया ती. झालेलं न्हाई.” सासूबाई कडाडल्या, “आवं, गाय ओरडतीया आणि तुमी टोप्या टांगताय!” तेवढ्यात दारात खरोखरच तो देवाचा पोळ हजर. मामंजी काठी आडवी धरून दारात उभे राहिले. बायका हात जोडत होत्या, म्हाताऱ्या शाप देत होत्या. एकजण म्हणाली, “देवाला अडवता व्हय?” मामंजी म्हणाले, “देव असू दे न्हाईतर जनरल. गाय लाइट ड्यूटीवर हाय.” उन्हं डोक्यावर येईपर्यंत ते हलले नाहीत. पोळ कंटाळून निघून गेला.

असं माझ्यासाठी दारात काठी घेऊन कुणी उभं राहिलं असतं तर? हा विचार तेव्हा आला तो उगाच नाही. कारण पुढच्याच आठवड्यात माझे यजमान रजेवर आले. तेही पलटणीत, मोटार चालवायला होते. लढाईवर पाठवण्याआधी मिळालेली रजा. सासूबाईंनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं आणि घरात घेतलं. दारात आलेल्या पोळाला आणि रजेवर आलेल्या मुलाला त्या सारख्याच भक्तीनं घरात घेत. मला त्यांनी न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं दिलं आणि कानाशी म्हणाल्या, “पोरगी झालीया. आता नातू दे. रजा का सारखी मिळतीया व्हय?”

नवऱ्याला बघून मला आनंद झाला नव्हता असं नाही. फार झाला होता. पण पायात बळ नव्हतं, उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी दिवसभर भिंतीपलीकडचा आवाज ऐकत होते. वाटत होतं, आता मामंजी गाईला काहीतरी म्हणतील आणि ते या घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल. ते म्हणाले, “सरदारीण, सरकी आज चांगली भिजलीया.” बस्स.

रजा संपली, यजमान गेले. दोन-तीन रविवारांनी टोपी घसरली. मामंजींनी ती उचलून झटकली, आणि गावातल्या पोळाकडे न नेता सरदारणीला सांगलीच्या बाजूला एका बागाईतदाराच्या जातिवंत वळूकडे चालवत घेऊन गेले. सकाळी हंबरली होती, म्हणून संध्याकाळी दाखवायची, हाही त्यांचाच हुकूम. एका दाखवण्यात गाय फळली. पुन्हा उलटली नाही. मामंजींनी गावभर गूळ वाटला. पारावरच्या माणसांनी त्यांना उठून जागा दिली. त्याच सुमारास मलाही दिवस राहिल्याचं सासूबाईंना कळलं. त्यांनी त्याच गुळातला खडा माझ्या तोंडात घातला. वेगळा नाही.

सरदारीण भरत गेली आणि मी उतरत गेले. सातव्या महिन्यातच मला कळा लागल्या. मुलगा होता. तो रडलाच नाही. सुईणीनं त्याला फडक्यात गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिलं. यापलीकडे त्याच्याबद्दल मला काही सांगता येत नाही.

नंतर किती दिवस भिंतीपलीकडे शांतता होती. हजेरी नाही, चहा मागणं नाही. मी चहा ठेवायची, तो तसाच गार व्हायचा. एकदा मात्र ऐकू आलं. ते गाईला म्हणत होते, “सरदारीण, मी तुझ्याच कमरंकडं बघत बसलो गं.” आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. मला त्यांची कीव आली नाही. हेही तू तिलाच सांगतोस, असं मनात अरेतुरेवर येऊन म्हटलं आणि कूस बदलली.

सरदारीण वेळेवर व्याली. कालवड झाली, धष्टपुष्ट, तांबूस. गाव बघायला लोटलं. मीही गेले. गाय मान वळवून कालवडीला चाटत होती. तिचं अंग तुकतुकीत, डोळे शांत. असं निवांत व्यायला मिळालेली बाई मी आमच्या गावात पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मायेनं, असं सासूबाईंना वाटलं.

लढाई संपत आली तशी यजमानांची पुन्हा रजा निघाली. सासूबाईंनी हिरवं लुगडं ट्रंकेतून काढून उन्हात टाकलं. “ह्या खेपेला देव बघंल,” म्हणाल्या. मी भाकऱ्या थापत होते. हात चालत होते, बाकी सगळं थांबलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सावली पडली. मामंजी गोठ्यात नव्हते, भिंतीपलीकडे नव्हते. उंबऱ्यापाशी उभे होते, टोपी काखेत. मी घाईनं पदर ओढला. ते सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरी.”

सासूबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

“गाडी जुपलीया. कापडं भर, लेकीला घे. साताऱ्याला म्हायेरी जायचं. मी सांगावा धाडंस्तवर माघारी यायचं न्हाई. कोन काय म्हनतंय त्ये मी बघतो. लाइट ड्यूटी.”

जे ऐकायला मी दोन वर्षं भिंतीला कान लावून बसले होते, ते हेच. मामंजी माझ्यासाठी दारात उभे होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला असा राग की तवा उचलून फेकावा. लढाईवरून जिवंत परत येणाऱ्या माझ्या नवऱ्याचं तोंड मी पाहायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं होतं. गाडी जुंपूनही झाली होती. सरदारणीला ओढ्यावर न्यायची की सांगलीला, वासरू वेगळं बांधायचं की जवळ, तेही असंच ठरायचं. इतकी वर्षं जिचा मी हेवा केला, तिला तरी कधी कुणी काही विचारलं होतं?

माझा पदर कपाळावरून मागे सरला तो मी पुन्हा ओढला नाही.

“मामंजी,” मी म्हटलं. त्यांच्यापुढं निघालेला माझा तो पहिला शब्द. “मी गाय न्हाई. मला इचारा तरी.”

सासूबाई म्हणाल्या, “आगं ए!” मामंजींनी त्यांना हातानंच थांबवलं. सवयीनं त्यांची मान गोठ्याकडे वळली, तशीच अर्ध्यावर थांबली आणि परत माझ्याकडे आली. पंजाबपासून पलूसपर्यंत कुणाला काही न विचारता हुकूम देत आलेला तो माणूस.

“बरं,” ते म्हणाले. “मग तूच सांग पोरी. काय करू?”

तव्यावरची भाकरी करपत होती. मी ती आधी काढली.

“त्यास्नी येऊ द्या. मला बघायचंय त्यास्नी. लेक बी बघंल. पर मी आत्याबाईंच्या खोलीत निजणार. माझ्या अंगात बळ आलं की मीच सांगंन, दुसऱ्या कुणी सांगायचं न्हाई.”

सासूबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. मामंजींनी काखेतली टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली.

“आयकलंस न्हवं?” ते सासूबाईंना म्हणाले. “तसंच व्हईल.”

आणि जुंपलेली गाडी सोडायला ते स्वतः गेले.